जे आधी होईल ते

आमच्या मामाने मला आयुष्यात एकदाच इंजिनिअर समजून प्रश्न विचारला, आणि मी चुकीचं उत्तर दिलं. त्या उत्तराची किंमत 52 हजार रुपये झाली. पैसे मामाने भरले. मी निदान हा लेख लिहिते आहे.

आधीच सांगते, मी के.जी.पासून कॉन्व्हेंटची. घरात मराठी बोलतो, पण लिहायची सवय नाही. ऱ्हस्व-दीर्घ मैत्रिणीकडून तपासून घेतलंय, तरी काही राहिलं असेल तर सांभाळून घ्या. मुद्दा कळला म्हणजे झालं.

तर मामा बोरिवली ईस्टला राहतो. मामीचा पोळीभाजीच्या डब्यांचा धंदा आहे. रोज सकाळी मामा साठ-सत्तर डबे गाडीत भरतो आणि अंधेरीला एम.आय.डी.सी.तल्या ऑफिसांमध्ये पोचवतो. गाडी सेकंडहँड, डिझेल, आठ वर्षं जुनी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी हॉस्टेलवरून मामाकडे गेले होते. मामा म्हणाला, "अगं, तू मेकॅनिकलला आहेस ना? गॅरेजवाला म्हणतोय टायमिंग बेल्ट बदलून घ्या. सात हजार सांगतोय. बदलू का? गावाला जायचंय."

मी अगदी ऐटीत गाडीतलं मॅन्युअल मागवलं. शेवटच्या पानांवरचं टेबल काढलं. टायमिंग बेल्ट : 80,000 किलोमीटर. मीटरवर होते 62,000. "मामा, अजून 18 हजार बाकी आहेत. हे गॅरेजवाले असेच पैसे काढतात. तू नको बदलूस." मामाने बिचाऱ्याने ऐकलं. घरात पहिली इंजिनिअर होणारी मुलगी सांगतेय म्हटल्यावर तो आणखी कोणाला विचारणार?

गणपतीला गाडी कोकणात जाऊन आली, काही झालं नाही. मी मनात म्हटलं, बघा! पुढे काय झालं ते सांगण्याआधी हा बेल्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या ब्रँचच्या मुलांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल (पण वाचा).

बेल्ट करतो काय?

इंजिनमध्ये पिस्टन खाली-वर होतो आणि क्रँकशाफ्ट फिरवतो. पिस्टनच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह असतात. काही हवा आत घेतात, काही जळलेला धूर बाहेर सोडतात. हे व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅमशाफ्टचं, बंद करायचं काम स्प्रिंगचं. आता फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक फेरी झाली पाहिजे. दोन नाही, दीड नाही, बरोब्बर एक. हा हिशेब सांभाळायला या दोन शाफ्टमध्ये काहीतरी जोडणी लागते. ती तीन प्रकारे करता येते : दातेरी चाकं म्हणजे गिअर, साखळी म्हणजे टायमिंग चेन, नाहीतर दाते असलेला रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये गिअर असतात. हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या बहुतेक मोटरसायकलींमध्ये साखळी असते. मागच्या चाकाची बाहेर दिसते ती चेन वेगळी, ही इंजिनच्या आत असते. "टायमिंग चेन वाजतेय" असं मेकॅनिक म्हणतो ती हीच.

बेल्टची गोष्ट गमतीदार आहे. असा दातेरी पट्टा 1940च्या दशकात अमेरिकेत तयार झाला तो गाडीसाठी नाही, शिवणयंत्रासाठी! वरची सुई आणि खालची बॉबीन यांचा ताळमेळ चुकता कामा नये म्हणून. आजीच्या मशीनवर ताळमेळ चुकला की टाका सुटतो किंवा सुई मोडते. इंजिनमध्ये सुईच्या जागी व्हॉल्व्ह असतो. सुई दहा रुपयांत येते, व्हॉल्व्ह येत नाही.

3000 आर.पी.एम.ला क्रँक सेकंदाला 50 फेऱ्या मारतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. एका तासात 90,000 वेळा. एवढं सगळं त्या बोटभर रुंदीच्या रबराच्या भरवशावर चाललेलं असतं. रबराच्या आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात, दात्यांवर नायलॉनचं कापड असतं. चीज भक्कम आहे. पण शेवटी रबरच. उष्णतेने, ऑइल लागून आणि नुसत्या वयाने ते थकतं.

दहा मिलिसेकंद

बेल्ट तुटला तर नुसती गाडी बंद पडायला पाहिजे ना? इंजिनच मोडतं ते का? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर भूमितीत आहे.

1400 सीसीचं जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन घ्या. चार सिलिंडर, म्हणजे एकात 350 सीसी. कॉम्प्रेशन रेशो 22. गणित केलं तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरते ती जागा सुमारे 17 घनसेंटीमीटर, म्हणजे चहाचे साडेतीन चमचे. त्यातलीही बरीचशी जागा खोलगट भागात जाते. पिस्टनचा माथा आणि हेड यांच्यात उरते फक्त एक मिलिमीटरच्या आसपासची फट. आणि व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा खाली किती येतो? आठ-नऊ मिलिमीटर. म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत राहतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. हॉस्टेलच्या बाथरूमसारखं. वेळापत्रक पाळलं तर भांडण नाही.

बेल्ट तुटला की वेळापत्रक संपलं. कॅमशाफ्टवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंग जोर लावून बसलेल्या असतात, त्यामुळे तो जवळजवळ जागच्या जागी थांबतो. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये तो कुठेही थांबला तरी एखाद्-दुसऱ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहतातच. पण क्रँक थांबत नाही. त्याला फ्लायव्हील आहे, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर धावणारी चाकंच त्याला फिरवतात. 3000 आर.पी.एम.ला पिस्टनला खालून वर यायला लागतात 10 मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा याच्या दहापट वेळ लागतो. क्लच दाबा, चावी फिरवा, देवाचं नाव घ्या, काहीच उपयोग नाही. तुम्हाला कळेपर्यंत पिस्टनने व्हॉल्व्हवर डोकं आपटलेलं असतं. व्हॉल्व्हची दांडी वाकते, गाईडला तडा जातो, कधी रॉकर मोडतात. व्हॉल्व्हचं तोंडच तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर मग पिस्टन, भिंत, सगळंच गेलं.

अशा इंजिनांना इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. सगळी इंजिनं अशी नसतात. काहींमध्ये पिस्टनच्या माथ्यावर पुरेशी जागा ठेवलेली असते. तिथे बेल्ट तुटला तर गाडी टो करा, नवीन बेल्ट घाला, चालू. पण डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त लागतं, त्यामुळे ही चैन डिझेलला जवळजवळ परवडत नाही. नव्या पेट्रोल इंजिनांनाही मायलेज आणि पॉवर दोन्ही हवं असतं, म्हणून तीही बहुतेक इंटरफिअरन्सच.

कुर्ल्यापासून रांजणगावपर्यंत

मग असा बेल्ट घालतातच कशाला? याचं उत्तर आपल्या शेजारीच, विद्याविहारच्या पुढच्या स्टेशनवर आहे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. फियाट 1100, म्हणजेच पुढची पद्मिनी, तिथलीच. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन जुन्या घडणीचं : कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारी. दोघांमध्ये आखूड साखळी, ऑइलमध्ये न्हालेली. वरचे व्हॉल्व्ह लांब पुशरॉडने उघडायचे. वर्षानुवर्षं ही इंजिनं काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चालली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदवलेली होती. 20 वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

पण इंजिनला जास्त वेगाने फिरवायचं तर लांब पुशरॉड नकोत, कॅमशाफ्टच वर हेडमध्ये न्यायला हवा. मग क्रँक आणि कॅममधलं अंतर वाढतं. तिथे लांब साखळी घातली तर जड, आवाज करणारी आणि महाग. रबरी बेल्ट हलका, शांत, स्वस्त, त्याला ऑइलही लागत नाही. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ग्लास कंपनीने गाडीत बेल्ट आणला. 1966 मध्ये फियाटचे इंजिनिअर ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्या ट्विन-कॅम इंजिनात तो आला आणि मग जगभर पसरला. कुर्ल्यातही तेच झालं. 1990च्या दशकात आलेली युनो आणि 2001 मध्ये आलेली पालिओ, दोन्ही बेल्टच्या. पुण्यात टाटांनी डिसेंबर 1998 मध्ये आणलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनातही बेल्टच होता.

आणि मग चक्र उलटं फिरलं. फियाटचं काम कुर्ल्याहून पुण्याजवळ रांजणगावला गेलं. तिथे बनलेलं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल, जे पुंटो, लिनिया आणि इंडिका व्हिस्टात बसलं, ते पुन्हा साखळीचं! मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनंही साखळीची. कारण सरळ आहे. बेल्ट वेळेवर बदलायचा असतो, आणि लोक बदलत नाहीत. सेकंडहँड गाडी घेणारे तर नाहीच नाहीत.

म्हणजे साखळी अमर आहे का? नाही. साखळी 'ताणली' असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक कडीची पिन थोडी थोडी झिजते आणि शंभरेक कड्यांची झीज एकत्र होऊन साखळी लांबते. तिला घट्ट धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल कमी, जुनं किंवा काळं झालेलं असेल तर टेन्शनर ढिला पडतो आणि साखळी दात्यावरून उडी मारते. मग व्हायचं तेच होतं. फक्त साखळी बहुतेक वेळा आधी बोलते : सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन सेकंद खळखळ आवाज. बेल्ट बोलत नाही. अलीकडच्या काही छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत तर बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे चुकीचं ऑइल घातलं तर रबर मऊ पडतं आणि त्याचा चुरा ऑइलची जाळी बुजवतो. म्हणजे बेल्ट असो की चेन, ऑइलच्या बाबतीत कंजूषपणा नको.

जोगेश्वरीच्या आधी

नोव्हेंबरचा शनिवार. मी मामाबरोबर गाडीत होते, मागे 64 डबे. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गोरेगाव सोडलं, जोगेश्वरीचा फ्लायओव्हर यायचा होता. वेग पन्नासच्या आसपास. धडाम वगैरे काही नाही. 'टक्' असा छोटा आवाज आला आणि इंजिन गप्प. डॅशबोर्डवर सगळे लाल दिवे, स्टिअरिंग जड. मामाने कशीबशी गाडी डावीकडे घेतली.

त्याने सेल्फ मारला. आवाज वेगळाच. नेहमी कॉम्प्रेशनमुळे कसं अडखळत 'घुर्र-घुर्र-घुर्र' होतं, तसं नाही. सरळ 'घर्रर्रर्र', रिकाम्या मिक्सरसारखं, आणि मध्ये बारीक खट्-खट्. हे लक्षण आमच्या पुस्तकात नाही, पण विचार केला असता तर मला कळायला हवं होतं : व्हॉल्व्ह जागेवर बसत नाहीत, म्हणून कॉम्प्रेशन नाही, म्हणून स्टार्टरला जोर लागत नाही. मी विचार केला नाही. मी म्हटलं, "मामा, परत मार." चार-पाच वेळा मारला. मग मीच दोन रिक्षावाल्यांना हाक मारली आणि म्हटलं, धक्का स्टार्ट करूया. सेकंड गिअर, क्लच सोडला. आतून हातोडा मारल्यासारखे आवाज आले आणि गाडी गचकन थांबली.

गॅरेजमध्ये हेड उतरवलं तेव्हा मी तिथे होते. बेल्टच्या आतल्या दोऱ्या दोरखंड कुजावा तशा सुटल्या होत्या. चार व्हॉल्व्ह वाकलेले, एकाचं तोंड तुटून पिस्टनवर नाचलेलं. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रासारखे खड्डे. मिस्त्रीकाकांनी तुकडा हातात घेऊन विचारलं, "वाकले ते पहिल्या फेरीतच वाकले असणार, त्याला इलाज नव्हता. पण हा तुटला तो नंतर ठोकून ठोकून. धक्का मारायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "मीच मारला हो. घाईत होतो."

मग काकांनी मॅन्युअल मागितलं. तेच टेबल. 80,000 किलोमीटरच्या पुढे, तळटीपेच्या आकारात : किंवा 5 वर्षं, व्हिचेव्हर इज अर्लिअर. जे आधी होईल ते. बारावीपर्यंत इंग्लिश मीडियम, आणि तीन इंग्लिश शब्द वाचायचे राहिले. गाडी आठ वर्षांची होती, बेल्टही आठ वर्षांचा.

19 दिवस गाडी उभी होती. मामा दोन मोठ्या पिशव्यांत डबे भरून लोकलच्या लगेज डब्यातून अंधेरीला जायचा. चौसष्टपैकी तीसच जमायचे. दोन ऑफिसांनी दुसरा डबेवाला लावला, ती अजून परत आलेली नाहीत. फर्स्ट इयरला माझ्या हॉस्टेलच्या फीचा पहिला हप्ता याच डब्यांतून आला होता. मामा मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मुंबईचा किलोमीटर

आणि समजा वर्षांचा प्रश्न नसता, तरी माझं उत्तर चूकच होतं. कसं ते बघा. बोरिवली ते अंधेरी साधारण 12 किलोमीटर. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये एक तास धरा. थांबत-चालत इंजिन सरासरी 1200 आर.पी.एम.ला फिरलं असं मानलं तर तासात 72,000 फेऱ्या, म्हणजे किलोमीटरला 6000. तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी 60ने, 2000 आर.पी.एम.ला गेली तर तासात 1,20,000 फेऱ्या, म्हणजे किलोमीटरला 2000. बेल्टच्या दृष्टीने आपल्या हायवेवरचा एक किलोमीटर म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचे तीन. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा मीटर थांबतो, बेल्ट थांबत नाही. वर बॉनेटखाली उकाडा. मीटर खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

तर काय करायचं?

घरी गाडी असेल तर मॅन्युअलमधलं मेंटेनन्सचं टेबल काढा आणि आधी बघा, बेल्ट आहे की चेन. बेल्ट असेल तर किलोमीटर आणि वर्षं दोन्ही वाचा. गाडी रोज ट्रॅफिकमध्ये चालत असेल तर मॅन्युअलमध्ये अशा कठीण वापरासाठी वेगळे आकडे दिलेत का तेही बघा.

सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच समजा. कव्हर काढून नुसतं बघण्यात अर्थ नाही. हल्लीच्या बेल्टवर भेगा दिसायच्या आतच आतल्या दोऱ्या गेलेल्या असू शकतात. बदलताना टेन्शनर आणि आयडलरही बदला, आणि वॉटर पंप याच बेल्टवर चालत असेल तर तोही. यातलं एक बेअरिंग जाम झालं तरी नवा बेल्ट तुटतो. मजुरी तर तीच लागते.

चेनची गाडी असेल तर ऑइल वेळेवर बदला आणि सकाळच्या खळखळीकडे कानाडोळा करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे सगळं लिहिलं. चालती गाडी अचानक बंद पडली आणि सेल्फचा आवाज हलका, रिकामा वाटला, तर चावी काढून घ्या. परत सेल्फ नाही. धक्का तर अजिबात नाही. टो करून न्या. पावसात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यात गाडी बंद पडली तरी नियम हाच. तिथे कारण वेगळं, सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण चूक तीच : बंद पडलेल्या इंजिनला जबरदस्ती.

हॉस्टेलमधल्या मुलांना वाटेल, आपल्याकडे कुठे कार आहे? पण सुट्टीत घरी गेल्यावर काका, मामा, शेजारी कोणीतरी विचारणारच, तू इंजिनिअरिंगला आहेस ना? त्या वेळी "बघून सांगतो" म्हणायला लाजू नका. व्हॉल्व्ह टायमिंग डायग्रामवर मला परीक्षेत पूर्ण मार्क होते.

मामाच्या गाडीच्या बॉनेटखाली आता एक स्टिकर आहे. बेल्ट बदलल्याची तारीख, मीटरचा आकडा, आणि पुढची तारीख. मिस्त्रीकाकांनी पेन माझ्या हातात दिलं होतं, त्यामुळे अक्षर माझं आहे. खाली मी मराठीत लिहिलंय : जे आधी होईल ते.